उपकरणे आहेत, देवघेव नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १७ शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर एक जबाबदारी टाकते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहाय्यक उपकरणे मोफत द्यायची. मात्र वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. बारावी होऊन मुलगी कॉलेजात नाव घालते, तेव्हा हे वय संपलेले किंवा संपत आलेले असते. त्याच कायद्याचे कलम ३२ उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवते, वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलतही देते. प्रवेश मिळतो, पण आत गेल्यावर वाचायचे, लिहायचे, ऐकायचे आणि बसायचे कशाने, हा प्रश्न ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर राहतो.

त्यावर विद्यापीठाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त आणि लवकर होणारा उपाय म्हणजे उपकरणे काही काळासाठी वापरायला देणे. ग्रंथालय पुस्तक देते तसे उपकरण द्यायचे, काम झाले की परत घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे. आपल्याकडे मात्र ही चर्चा खरेदीपाशी सुरू होते आणि खरेदीपाशीच संपते. अनुदान आले की उपकरणे येतात, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि कपाटाला कुलूप लागते. उणीव पैशांची आहेच, पण त्याहून मोठी उणीव देवघेवीची आहे.

गरज कोणाला?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा १९९५ चा जुना कायदा लागू होता आणि त्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, पार्किन्सन, हिमोफिलिया, सिकलसेल असे अनेक प्रकार त्यात आले. त्यामुळे आज वर्गात बसलेल्या गरजू विद्यार्थ्यांचा अंदाज जुन्या आकड्यांवरून बांधता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये सहाय्यक तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका सहाय्यक साधनाची गरज आहे आणि त्यांतल्या जवळजवळ १०० कोटींना ते मिळत नाही, असे त्यात म्हटले आहे. या हिशेबात चष्माही धरलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. चष्मा लावणाऱ्याला आपण दिव्यांग म्हणत नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्रही मागत नाही. साधन सहज मिळू लागले की गरज ‘विशेष’ राहत नाही.

विद्यापीठातली गरज अशीच पसरलेली असते. अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर असलेला लॅपटॉप, ब्रेल पाटी, ध्वनिमुद्रक हवा असतो. अल्पदृष्टी असलेल्याला भिंग किंवा अक्षरे मोठी करून दाखवणारे यंत्र लागते. कमी ऐकू येणाऱ्याला श्रवणयंत्र असूनही दीडशे जणांच्या वर्गात प्राध्यापकांचा आवाज नीट पोचत नाही; प्राध्यापकांच्या गळ्यात माइक आणि विद्यार्थ्याकडे रिसीव्हर अशी जोडी असली, तर पोचतो. स्कूटरवरून पडून उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला बोलून टंकलेखन करता येईल असा संगणक हवा असतो. हिशेब विभागात वीस वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्याला मनगटाच्या दुखण्यासाठी वेगळ्या आकाराचा माउस आणि पाठीला आधार देणारी खुर्ची हवी असते. यांतल्या निम्म्या लोकांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल आणि कधी मिळणारही नाही.

कायदा आणि योजना

भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर २००७ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. २०१६ चा कायदा त्यातून आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करायचे योग्य ते बदल, याला हा कायदा ‘वाजवी सोय’ म्हणतो. कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही वाजवी सोय केलीच पाहिजे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राला बांधलेला नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यापीठाच्या उपकरण-खिडकीवर ‘आधी सर्टिफिकेट दाखवा’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आता योजना पाहू. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. कानपूरच्या ‘अलिम्को’सारख्या संस्थांमार्फत, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधने मिळतात. ही योजना बहुतांशी शिबिरांवर चालते. एका शिबिरात तपासणी आणि मोजमाप होते, वाटप नंतरच्या शिबिरात होते, आणि एकदा साधन मिळाले की साधारणपणे ३ वर्षे पुन्हा मागता येत नाही. सत्र मात्र पाच महिन्यांत आटोपते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, पण तीही रहिवासाच्या पुराव्याशी बांधलेली. परभणीहून पुण्याला शिकायला आलेला विद्यार्थी पुण्याच्या यादीत बसत नाही आणि परभणीच्या यादीसाठी त्याला गावी खेटे घालावे लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘हेप्सन’ योजनेतून कॉलेजांना दिव्यांग कक्ष, अडथळामुक्त इमारती आणि विशेष उपकरणे यांसाठी पैसे मिळत होते. अनेक कॉलेजांतले स्क्रीन रीडर आणि स्कॅनर त्याच पैशांतून आले. २०२२ मध्ये आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. ‘नॅक’च्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली दिव्यांगस्नेही वातावरणाचे गुण असतात: रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, सहाय्यक तंत्रज्ञान, वाचक-लेखनिकाची सोय. मात्र हे सारे ‘आहे की नाही’ या स्वरूपाचे प्रश्न आहेत. सॉफ्टवेअरचे बिल आणि यंत्राचा फोटो जोडला की भागते. वर्षभरात ते किती जणांनी वापरले, हा रकाना नाही.

दान, मालकी की उसने?

इतर देशांनी याची तीन वेगवेगळी उत्तरे काढली आहेत. इंग्लंडमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या भत्त्यातून विद्यार्थ्याच्या गरजेची तपासणी होते आणि उपकरण त्याच्या मालकीचे होते. संगणकासाठी २०१५ पासून पहिले २०० पौंड त्याला स्वतः भरावे लागतात. नॉर्वेत प्रत्येक प्रांतात शासकीय साधन-केंद्र आहे. साधन सरकारच्याच मालकीचे राहते, गरज असेपर्यंत वापरायला मिळते, परत आले की दुरुस्त होऊन दुसऱ्याकडे जाते. अमेरिकेत सहाय्यक तंत्रज्ञान कायद्याखाली राज्यांनी प्रात्यक्षिक, तात्पुरते उसने देणे, जुन्या साधनांचा पुनर्वापर आणि आर्थिक मदत अशी कामे करायची असतात.

अमेरिकी व्यवस्थेतली एक गोष्ट आपल्या विद्यापीठांनी उचलण्याजोगी आहे. तिथे उसने देण्याचे हेतू वेगळे नोंदवतात. कोणी यंत्र आपल्याला जमते का हे पाहण्यासाठी नेतो, कोणी स्वतःचे यंत्र दुरुस्तीला टाकले म्हणून किंवा मंजुरीची वाट पाहत असताना नेतो, कोणी थोड्या काळाच्या अडचणीपुरते, तर कोणी शिकण्या-शिकवण्यासाठी. हेतू कळला की मुदत ठरते. पारखायला पंधरा दिवस पुरतात. शोधनिबंध लिहिणाऱ्याला अख्खे वर्ष लागते. दोघांना ‘सात दिवस, नंतर रोज एक रुपया दंड’ हा पुस्तकांचा नियम लावणे म्हणजे दोघांनाही परत पाठवणे होय.

पारखण्याची ही संधी आपल्याकडे फार मोलाची आहे. कागदावर ब्रेल लिहिणारा ब्रेलर किंवा संगणकाला जोडायचा ब्रेल डिस्प्ले घेणे मध्यमवर्गीय कुटुंबालाही जड जाते. घेऊन ते जमले नाही तर पैसे पाण्यात. दुसरीकडे, स्वस्त आणि चांगली साधने देशातच तयार होऊ लागली आहेत. आयआयटी दिल्लीच्या ‘असिसटेक’ प्रयोगशाळेतून २०१४ मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ पांढऱ्या काठीला बसते आणि गुडघ्याच्या वरचे अडथळे कंपनांतून कळवते. आयआयटी मद्रासमध्ये उभे राहता येईल अशी ‘अराइज’ ही व्हीलचेअर तयार झाली. अशी साधने हातात घेऊन पाहण्याची जागा विद्यापीठ नसेल, तर दुसरी कुठली असणार?

सगळेच मात्र उसने देऊ नये. कानाच्या मापाचे श्रवणयंत्र आणि कृत्रिम पाय ही ज्याची त्याची असतात. रोज वापरायची व्हीलचेअर मापाची नसेल, तर पाठ वाकते, दाबाच्या जखमा होतात. ती विद्यार्थ्याची स्वतःचीच हवी. उसनी व्हीलचेअर परीक्षेच्या दिवसापुरती, पाय मोडलेल्या मुलीपुरती ठीक.

कपाटाला कुलूप का?

सरकारी पैशांतून आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, बोलीभाषेत डेडस्टॉक. तिथे तिला क्रमांक पडतो आणि तो क्रमांक कोणा एका माणसाच्या जबाबदारीवर येतो. ग्रंथपाल असो की प्रयोगशाळा सहायक, निवृत्त होताना त्याला प्रत्येक वस्तू दाखवून द्यावी लागते. हरवली तर वसुली, मोडली तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यावर समिती, त्यावर लेखापरीक्षकांचा शेरा. अशा वेळी वस्तू बाहेर न देणे हाच शहाणपणा ठरतो. त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही, कारण नियमांनी त्याच्यावर फक्त सांभाळण्याचे काम टाकले आहे.

पुस्तकांच्या बाबतीत हा तिढा ग्रंथालयांनी कधीच सोडवला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत वापराला पहिले स्थान आहे. काही पुस्तके हरवणार, फाटणार, हे गृहीत धरून नियमांत थोड्याफार नुकसानीला जागा ठेवलेली असते. उपकरणांनाही तीच मुभा हवी. विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषद यांनी एकदा ठराव करून ही साधने ‘देवघेवीचा साठा’ म्हणून वेगळी नोंदवली, झिजेचे प्रमाण आणि निर्लेखनाची सोपी पद्धत ठरवून दिली, तर अर्ध्याहून अधिक कुलपे उघडतील.

दुसरा अडसर अनामतीचा. लॅपटॉपसाठी पाच-दहा हजार अनामत मागितली, की ज्याला स्वतःचा लॅपटॉप घेणे परवडते त्यालाच उसना मिळतो. ग्रंथालयाचे ओळखपत्र आणि सत्राच्या शेवटचे ‘नो ड्यूज’ एवढे तारण पुरेसे आहे. तिसरा अडसर गोपनीयतेचा. काउंटरवर दहा जणांसमोर ‘तुला काय झालंय?’ असे विचारले जात असेल, तर मुलगी पुन्हा येत नाही. अर्जावर गरज लिहावी, निदान लिहायला लावू नये.

यंत्र दिले, मजकुराचे काय?

समजा, एका अंध विद्यार्थ्याला लॅपटॉप मिळाला. त्यावर ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी उभा केलेला हा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला आणि आजही मोफत मिळतो, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. तो मराठीही वाचतो. विद्यार्थ्याने प्राध्यापकांनी पाठवलेल्या टिपणांची फाइल उघडली. टिपणे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली. डोळ्यांना अक्षरे मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो: डॉलर, कंस, एक्स, स्वल्पविराम. दुसरी फाइल पीडीएफ, पण पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून बनवलेली. तिथे यंत्र गप्पच बसते.

म्हणून उपकरणाच्या खिडकीला लागूनच मजकूर बदलून देण्याचे टेबल हवे: जुना फॉन्ट युनिकोडमध्ये आणणे, स्कॅन केलेल्या पानांचा मजकूर काढणे, तो तपासणे. कायदा इथे आड येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रती काढण्याची मुभा दिली. २०१३ च्या मराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा भारत पहिला देश ठरला. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. प्राध्यापकांनी टिपणे मुळातच युनिकोडमध्ये लिहिली, तर या टेबलावरचे निम्मे काम आपोआप कमी होईल.

हे जिथे नीट झाले, तिथे खोलीपेक्षा माणसाला महत्त्व मिळाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र आहे आणि त्याचे काम प्रशिक्षण, जनजागृती, धोरणविषयक पाठपुरावा इथपर्यंत पोचले आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘हेलन केलर युनिट’ आहे. यंत्र कसे वापरायचे हे शिकवणारा, बिघडले तर दुसऱ्या दिवशी उपलब्ध असणारा माणूस नसेल, तर महागडे यंत्रही पेटीतच राहते.

परीक्षा विभागालाही या साखळीत घ्यायला हवे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थींना बोलका कॅल्क्युलेटर, टेलर फ्रेम, ब्रेल पाटी, अबॅकस अशी साधने वापरता येतात, संगणकावर परीक्षा द्यायची असेल तर आदल्या दिवशी तो तपासता येतो आणि दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात. सत्रभर ज्या साधनावर अभ्यास केला, ते परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी बाहेर ठेवायला लावले, तर सगळी देवघेव फुकट जाते. साधनासोबत परीक्षा विभागाच्या सहीचे पत्र द्यावे. वाद दारातच मिटतो.

खुर्ची, टेबल, मनगट

सहाय्यक उपकरणांविषयी निदान कायदा तरी आहे. शरीराला न दुखवता काम करता येईल अशा खुर्ची-टेबलांकडे मात्र कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ पासून पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांच्या बसण्याच्या जागेची तपासणी मालकाला करावी लागते. आपल्याकडे तसे बंधन नाही. विद्यापीठांत खुर्चीचा दर्जा पदानुसार ठरतो: उंच पाठीची साहेबांना, प्लास्टिकची कंत्राटी टंकलेखकाला, जो दिवसाचे आठ तास तिच्यावर बसतो.

काम मात्र वेगाने पडद्यावर गेले. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी सुरू केली, तेव्हा निकालांच्या विलंबाची चर्चा खूप झाली. तासन्‌तास पडद्यावर अक्षर लावणाऱ्या प्राध्यापकांच्या मानेची फारशी झाली नाही. लॅपटॉपची रचनाच अशी की पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. हात सुखात ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर खांदे उचलले जातात. काहीशे रुपयांचा स्टँड, सुटा कळफलक आणि सुटा माउस एवढ्यावर हे भागते. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, तळवे जमिनीवर किंवा पाटावर, आणि अधूनमधून उठणे, इतके पथ्य बहुतेकांना पुरते.

असे दहा-पंधरा संच ग्रंथालयात असले, तर कर्मचारी ते महिनाभर नेऊन पाहतील. ज्याला फरक पडला, त्याच्यासाठी विभागाने कायमचा घ्यावा. उभे राहून काम करण्याचे महागडे टेबल सरसकट विकत घेण्यापेक्षा दोन टेबले फिरती ठेवणे शहाणपणाचे.

नमुना आपल्याच गल्लीत

यासाठी परदेशातच पाहायला हवे असे नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे कित्येक वर्षे चालू आहेत. गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, सेवाभावी संस्था वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, व्हीलचेअर अल्प अनामतीवर किंवा नाममात्र भाड्याने देतात. एक वही, एक फोन नंबर आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक कार्यकर्ता एवढ्यावर हे चालते. वस्तू धुऊन-पुसून पुढच्या घरी जाते. घरातला माणूस बरा झाला किंवा गेला, की अनेक कुटुंबे आपल्याकडची खाट, खुर्ची केंद्राला देऊन टाकतात आणि साठा वाढतो. विद्यापीठांकडे तर इमारत आहे, पगारी माणसे आहेत, संगणकीकृत देवघेव आहे. गल्लीतल्या मंडळाला जे जमते ते त्यांना जमू नये, याला सबब नाही.

सुरुवात छोटी असावी. आधी कपाटे उघडून काय आहे, काय चालते आणि काय बिघडले आहे याची यादी करावी. ती यादी प्रवेशाच्या माहितीपत्रकात आणि ग्रंथालयाच्या सूचीत, पुस्तकांच्या शेजारी छापावी. साधने निवडताना ती वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना समितीत घ्यावे. एका माणसाचे नाव, वेळ आणि फोन नंबर दारावर लावावा. जिल्ह्यातल्या लहान कॉलेजांनी स्वतंत्र खरेदी न करता विद्यापीठाच्या सामाईक साठ्यातून मागवावे. ग्रामीण कॉलेजात तीन वर्षांतून एकदा लागणारा ब्रेल डिस्प्ले प्रत्येकाने घ्यायचे कारण नाही. दुरुस्तीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद ठेवावी, कारण बॅटरी गेलेले यंत्र आणि नसलेले यंत्र यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

आणि ‘नॅक’ने, विद्यापीठ अनुदान आयोगाने, अधिसभेतल्या सदस्यांनी एक प्रश्न बदलावा. ‘तुमच्याकडे कोणती उपकरणे आहेत?’ हे विचारून झाले. त्याची उत्तरे फोटोंसकट फायलींत आहेत. आता ‘गेल्या वर्षी ती किती वेळा बाहेर गेली?’ असे विचारावे आणि देवघेवीची वही मागावी. वही कोरी असेल, तर त्या निकषाचे गुण शून्य द्यावेत.